राहिलं काय होतं त्याचं?

गौरी-गणपतींचं विसर्जन आटोपलं आणि माझ्या वडिलांना, अप्पांना घेऊन मी चिपळूणहून पुण्याला आले. त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू दाखवायचा होता. 2024 चा सप्टेंबर. त्याच आठवड्यात, 13 तारखेला, 'तुंबाड' हा भयपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला होता. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा मी तो जेमतेम वीस माणसांसोबत पाहिला होता. पुढच्या आठवड्यात परत जावं म्हटलं, तर आमच्या भागात एकही खेळ उरला नव्हता. या वेळी मात्र रविवारी दुपारी जागा मिळता मिळेना. शेवटी कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या मिळाल्या. अप्पा 78 वर्षांचे, एका डोळ्यानं धूसर दिसायचं. तरी म्हणाले, "चल बाय, पाऊस तर ऐकू येईल."

मध्यंतरात मी चहा आणला. अप्पा गप्प होते. दोन घोट घेऊन म्हणाले, "ह्या हस्तरचं राहिलंय काय ते कळलं गो मला. जेवायचं राहिलंय."

गेली चौदा वर्षं मी चित्रपटांवर लिहितेय, त्यातही भयपटांवर जास्त. 'तुंबाड'वर मी स्वतः दोन हजार शब्द लिहिले होते. त्यात हाव होती, सरंजामशाही होती, पंकज कुमारचा कॅमेरा होता. अप्पांचं हे वाक्य त्यात नव्हतं. हस्तर म्हणजे त्यातला राक्षस. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. तो उपाशी आहे, म्हणून कणकेची बाहुली दिसली की बाकी सगळं विसरतो. आणि माणूस नेमका त्या भुकेचा फायदा घेऊन त्याच्या लंगोटीतल्या मोहरा पळवतो. सगळा चित्रपट या एका राहिलेल्या जेवणावर उभा आहे.

अप्पांना हे दिसलं, कारण आयुष्यभर त्यांनी प्रत्येक भुताबद्दल हाच एक प्रश्न विचारला.

अप्पा एसटीत वाहक होते. 1970 ते 2004. त्यातली बरीच वर्षं वस्तीच्या गाडीवर गेली. ही गाडी संध्याकाळी आगारातून निघते, रात्री शेवटच्या गावात पोचते, तिथंच मुक्काम करते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत येते. गुहागर, दापोली, खेडकडची आडगावं. चालक-वाहक देवळाच्या पडवीत झोपायचे, नाहीतर गाडीतल्याच बाकांवर. गावातलं कुणीतरी भाकरी-कालवण आणून द्यायचं आणि जेवणं झाली की गोष्टी निघायच्या. अप्पा घरी आले की चामड्याची पिशवी खुंटीला लागायच्या आधी आम्ही भावंडं विचारायचो, "या खेपेला कोण?"

अप्पांच्या गोष्टीतलं भूत कधी नुसतं भूत नसायचं. त्याला वाडी असायची, झाड असायचं, आणि त्याचं काहीतरी राहिलेलं असायचं. मुंज्या म्हणजे ज्याची मुंज झाली पण सोडमुंज राहिली, लग्न राहिलं. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली, जिचं मूल मांडीवर घ्यायचं राहिलं. समंध म्हणजे ज्याच्या धनाला वारस राहिला नाही. गावकऱ्यानं नुसतं "तिथं काहीतरी आहे" असं म्हटलं, तर अप्पा ती गोष्ट घरी आणायचेच नाहीत. म्हणायचे, "राहिलं काय होतं त्याचं, ते त्याला सांगता येईना. मग ते खोटं."

एक गोष्ट त्यांनी कितीदा तरी सांगितली. एका गावाच्या अलीकडे वळणावर थांबा होता, नुसता दगड आणि आंब्याचं झाड. तिथली एक बाई. नवरा परळला गिरणीत. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. मग पत्र आलं, शिमग्याला येतो. बाई शिमग्याच्या आधीपासून रोज रात्री वस्तीच्या गाडीला थांब्यावर यायची, कोण उतरतं ते बघायची आणि परत जायची. शिमगा गेला, गणपती गेले. पुढच्या पावसात ती तापानं गेली. त्यानंतर चालकांना वळणावर दिव्याच्या उजेडात वर केलेला हात दिसायला लागला. एक-दोघांनी तिथं थांबणंच बंद केलं. अप्पा मात्र त्या थांब्यावर घंटा मारून गाडी थांबवायचे. दार उघडायचे, मनात तीस आकडे मोजायचे, मग डबल बेल.

"तुम्हांला दिसली कधी?" मी विचारायची.

"नाही. पण तिचं बघायचं राहिलं होतं ना, गाडीतून कोण उतरतं ते."

लिहिताना मी हाच प्रश्न हाताशी ठेवते. कमाई, तारे, 'दुसरा भाग पडतो' ही सगळी मापं मी वापरून पाहिली, पण भयपटाला ती लागत नाहीत. भुताचं काय राहिलं होतं हे चित्रपटाला ठाऊक आहे का, आणि ठाऊक असेल तर ते राहिलेलं तो मनापासून मानतो का? गेल्या चार-पाच वर्षांतले भयपट या प्रश्नापुढे ठेवले की माझी मतं बरीच स्पष्ट होतात. काही वाचकांना ती कडक वाटतील.

'तुंबाड'चं आधी पुरं करते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी या चित्रपटाला जो वेळ दिला तो पडद्यावर दिसतो. 2012 मध्ये केलेलं चित्रीकरण बाजूला ठेवून नंतर बरंचसं पुन्हा केलं गेलं आणि पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यांची वाट पाहिली. सासवडचा पुरंदरे वाडा मी लहानपणी सहलीत पाहिला होता. चित्रपटात तो भिजून भिजून जिवंत झाल्यासारखा वाटतो. नारायण धारपांच्या कथेची ओल त्यात आहे, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलेलं आहे, आणि तरी चित्रपट या दोघांच्या सावलीत उभा नाही. 1918 मधला म्हाताऱ्या सरकारांचा वाडा, तिथं राबणारी विधवा, एका मोहरेसाठी तिनं वर्षानुवर्षं काढलेला काळ. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, काय असतो हे आजोबांच्या पिढीनं पाठीवर सोसलं. खोती कायद्यानं गेली ती 1949 नंतर.

दुसऱ्यांदा पाहताना दोन गोष्टी मात्र खटकल्या. 1933 च्या पुण्यातल्या भागात नायक विनायकाची बायको आणि त्यानं आणलेली दुसरी बाई, दोघी जेमतेम रेखाटल्या आहेत. इतक्या काळजीनं केलेल्या चित्रपटात बायकांच्या वाट्याला एवढंच? आणि दुसरं, भाषा. त्या वाड्यात, त्या चुलीपुढे, आई मुलाला हिंदीत दटावते तेव्हा मला दर वेळी एक पायरी चुकल्यासारखं होतं. पैशाचं गणित समजतं मला. तरी चुकतेच.

आता 'मुंज्या'. 7 जून 2024 ला आला, शंभर कोटींच्या पुढे गेला, आणि आमच्या कोकणातलं एक खास भूत देशभर पोचलं. मी पहिल्या दिवशी पाहिला. सुरुवातीची वीसेक मिनिटं फार चांगली आहेत. 1952 सालचं कोकण, गोट्या नावाचा हट्टी मुलगा, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी मुन्नी, आणि तीच बायको हवी म्हणून त्यानं मांडलेला आकांत. दिग्दर्शक आदित्य सरपोतदारला इथं प्रश्न नेमका कळला आहे. लग्न राहिलं. मुंज्याची सगळी व्याख्याच ही.

पण पुढे चित्रपट त्या राहिलेल्या गोष्टीकडे बघत नाही. पिंपळाखालचा मुलगा संगणकावर बनवलेला एक दात विचकणारा प्राणी होतो. तो पळतो, ओरडतो, लोंबकळतो, लोक हसतात, दचकतात. मुलीच्या मनाविरुद्ध लग्नाचा हट्ट ही भयानक गोष्ट आहे आणि ती भयानक म्हणून दाखवायलाच हवी, त्यावर माझा काहीच आक्षेप नाही. माझा आक्षेप असा, की गोट्याला 'नाही' हा शब्द शिकवायचा मोठ्या माणसांकडून राहून गेला, आणि शिकायच्या आत तो मेला. तो कायमचा पोरच राहिला. यात केवढं दुःख आहे! आमच्या आळीत मुंज्याच्या पारावर दिवा लावणाऱ्या बायका त्याला 'बिचारा' म्हणायच्या. भ्यायच्याही आणि बिचाराही म्हणायच्या. चित्रपटानं भीती घेतली, बिचारेपण सोडून दिलं. सुहास जोशींची आजी पडद्यावर असते तेवढाच वेळ ते दिसतं. तिच्या डोळ्यांत या भुताचं नातं आहे. तो तिचा भाऊ आहे, आणि ती म्हातारी झाली तरी तो अजून लहान आहे. ती गेली आणि चित्रपटातली माझी अर्धी गुंतवणूक संपली.

सरपोतदारबद्दल थोडं आणखी लिहायला हवं, कारण मराठीतून निघून हिंदीत भयपटांचा संसार थाटणारा हा दिग्दर्शक माझ्या अभिमानाचा विषय आहे, आणि म्हणूनच मी त्याच्यावर कडक आहे. माझ्या मते त्याचं सगळ्यात प्रामाणिक काम अजूनही 26 जानेवारी 2022 ला आलेला 'झॉम्बिवली'. डोंबिवलीत झोंबी येतात ही कल्पना ऐकून मी नाक मुरडलं होतं. पण चित्रपट सुरू झाल्यावर कळलं की गोष्ट पाण्याची आहे. एकीकडे नवे टॉवर, दुसरीकडे नळाला पाणी नसलेली वस्ती, आणि रोग पसरतो तो पाण्यातूनच. पहिला चावा कुणाला बसतो, दार कुणासाठी उघडतं, कुणासाठी लावून घेतलं जातं. त्या वस्तीचं पाणी राहिलं होतं. शेवटाकडे भाषणं वाढतात, विनोद काही ठिकाणी ओढून आणलेला आहे, अमेय वाघला एकाच पट्टीत फार वेळ ठेवलं आहे. पण ज्यानं कल्याण-डोंबिवलीत टँकरची वाट पाहिली आहे त्याला हा चित्रपट आपला वाटतो.

2024 च्या जुलैत त्याचा 'काकुडा' थेट झी फाइव्हवर आला. त्यातली एक कल्पना मला फार आवडली. त्या गावात प्रत्येक घराला दोन दारं, एक मोठं आणि एक बुटकं, आणि दर मंगळवारी संध्याकाळी सव्वासात वाजता बुटकं दार उघडं ठेवायचं. घराच्या बांधणीतच भीती. अप्पा सोबत असते तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मंगळवारच का, सव्वासातच का. चित्रपट उत्तर देतो, पण घाईघाईनं आणि विनोद संपवून मग देतो.

आणि 2025 च्या दिवाळीत 'थामा'. इथं मी निराश झाले. हा चित्रपट वेताळाचा म्हणवतो. वेताळ! आमच्याकडे वेताळ देव आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. रात्री तो गावाची राखण करत फिरतो म्हणून भक्त त्याला हातभर लांब चामड्याच्या चपला वाहतात, केळीचे घड वाहतात. लहानपणी त्या देवळात चपलांची रास बघून मी अप्पांना विचारलं होतं की तळवे झिजतात का. एवढी जिवंत, चालती-फिरती कल्पना हाताशी असताना चित्रपटानं वेताळाचं फक्त नाव घेतलं आणि आत परदेशी रक्तपिपासू बसवला. नवाजुद्दीनला साखळदंडांत बांधून हसायला लावलं. त्याला काय हवंय? रक्त. का? वेताळ आहे म्हणून. हे उत्तर नाही. मला या चित्रपटात सगळ्यात जास्त खटकला तो पुढच्या चित्रपटांची दारं उघडी ठेवण्याचा आटापिटा. 'स्त्री', 'मुंज्या', 'थामा' हे चित्रपट एका विश्वात गुंफायचे म्हणून एकातलं पात्र दुसऱ्यात डोकावतं, प्रेक्षक शिट्टी मारतात, आणि चालू गोष्ट तिथंच थंडावते. ज्या भुताला पुढच्या तीन चित्रपटांत यायचंच आहे त्याचं राहिलेलं पुरं होणार कसं?

'स्त्री 2' बद्दल मला थोडक्यात आटोपायचं आहे. 2018 च्या 'स्त्री'त भिंतींवर 'ओ स्त्री, कल आना' लिहिलेलं असायचं आणि ती वाचून परत जायची. तिला मान मिळायचा राहिला होता, हे कळल्यावर चंदेरीतले पुरुष आणि थिएटरातले पुरुष दोघंही क्षणभर गप्प व्हायचे. दुसऱ्या भागातल्या सरकट्याचं, म्हणजे मुंडकं तुटलेल्या भुताचं, काय राहिलं? डोकं. ते तर त्याच्या हातातच आहे. तो वाईट आहे कारण तो वाईट आहे. दिग्दर्शक अमर कौशिकनं गर्दीची नस ओळखली, पंकज त्रिपाठी आणि अपारशक्ती खुराना आले की सभागृह हसून हसून लोळत होतं, पण घरी येताना माझ्यासोबत काहीही आलं नाही.

माझ्यासोबत घरी आला तो ऊस. विशाल फुरियाचा 'लपाछपी' 2017 चा, म्हणजे अगदी ताजा नाही, पण त्यानंच 2021 मध्ये त्यावरून हिंदीत 'छोरी' केला आणि 2025 च्या एप्रिलमध्ये 'छोरी 2' आला, म्हणून त्याच्याबद्दल लिहिणं भाग आहे. गरोदर नेहा आणि तिचा नवरा उसाच्या फडातल्या एकाकी घरात येतात. तुळसाबाई त्यांची काळजी घेते. उषा नाईकांनी ही तुळसाबाई अशी केली आहे की तिनं पुढे केलेलं दुधाचं भांडं पाहून माझ्या पोटात गोळा आला. ओरड नाही, डोळे वटारणं नाही. माहेरी आलेल्या लेकीची करावी तशी माया, आणि त्या मायेच्या तळाशी काहीतरी कुजलेलं. ज्यांना सांगलीकडच्या फडात पहाटे चालायची सवय आहे त्यांना विचारा, उभ्या उसात दोन हातांवरचा माणूस दिसत नाही, फक्त पाचटाचा आवाज येतो. दिग्दर्शकानं तो आवाज वापरला. आणि इथल्या लेकरांचं काय राहिलं? जगायचंच राहिलं. मुलगी म्हणून नको झालेल्यांचं सगळंच राहिलं.

'छोरी'त पैसा जास्त आहे, मीता वशिष्ठ जबरदस्त आहे, चौकट न चौकट देखणी आहे. पण मराठीतलं ते कौलारू घर, जमिनीवर बसून जेवणं, सासुरवाशिणीला लावलेलं बोलणं, हे ओळखीचं होतं म्हणून भयानक होतं. हिंदीत तेच सगळं 'कुठल्यातरी गावात' घडतं. 'छोरी 2' मध्ये तर ऊस कमी आणि भुयारं जास्त. मी मध्येच घड्याळ पाहिलं. भयपट पाहताना मी घड्याळ पाहत नाही.

या सगळ्यात मला गेल्या काही वर्षांतला सर्वोत्तम भयपट विचाराल तर उत्तर मल्याळममध्ये आहे. राहुल सदाशिवनचा 'भ्रमयुगम', 15 फेब्रुवारी 2024. सतराव्या शतकातलं मलबार, पोर्तुगीज किनाऱ्यावर माणसं धरून नेताहेत, तेवन नावाचा एक गायक पळून रानात शिरतो आणि एका पडक्या वाड्यात येतो. वाड्यात एक मालक, एक स्वयंपाकी. चित्रपटभर इनमिन पाच-सहा माणसं. सगळं कृष्णधवल. मालक कोडुमोन पोट्टी म्हणजे मामूट्टी. तो तेवनला गाणं म्हणायला लावतो, जेवायला घालतो, आणि फासे खेळायला बसवतो. पणाला काय लावायचं? तुझ्याकडे काही नाही ना, मग तुझा वेळ लाव.

हा चित्रपट मी घरी अप्पांसोबत सोनी लिव्हवर पाहिला. शस्त्रक्रिया झाली होती, पण त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मी प्रत्येक ओळ मराठीत सांगत होते. अर्ध्या तासानं त्यांनी माझा हात धरला. "राहू दे गो. त्याचा आवाज पुरे आहे." खरंच पुरे होता. मामूट्टी सुपारी चघळतो, हसतो, पायऱ्यांवर बसतो, आणि समोरचा माणूस हळूहळू लहान होत जातो. सत्ता म्हणजे काय हे मला पुस्तकांपेक्षा या चित्रपटातल्या त्या फाशांनी जास्त शिकवलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की यातला चात्तन म्हणजे राबवून घेतलेलं भूत आहे. आमच्या बाजूला चेडा पाळतात म्हणतात, जवळपास तसंच. चित्रपट संपल्यावर मी अप्पांकडे बघितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुटायचं राहिलं होतं त्याचं. पण सुटल्यावर तोही मालकासारखाच वागला की." ओळी न वाचता, भाषा न कळता त्यांना हे कळलं होतं. दिग्दर्शकाची याहून मोठी पावती मला देता येणार नाही.

त्याच दिग्दर्शकाचा 2022 चा 'भूतकालम' कमी लोकांनी पाहिला आहे, तो जरूर पाहा. आजी जाते, घरात आई आणि तरुण मुलगा उरतात. रेवतीनं केलेली आई आधीच खचलेली आहे, शेन निगमचा मुलगा बेकार आहे, दारूकडे वळतोय. घर भाड्याचं आहे आणि दुसरं घर घ्यायची ऐपत नाही. भयपटात आपण नेहमी म्हणतो, अरे मग घर सोडून जा ना! इथं ते जाऊ शकत नाहीत, आणि याचं कारण भूत नाही, भाडं आहे. तासभर तर काहीच 'दिसत' नाही. दोन थकलेली माणसं एकमेकांवर विश्वास ठेवायचं विसरली आहेत, एवढंच दिसतं. त्या वर्षी केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार रेवतीला मिळाला तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या होत्या.

आवाजाबद्दल मला जीव तोडून काही सांगायचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक भयपटांत भीती म्हणजे एकदम वाढवलेला आवाज. शांतता, शांतता, शांतता, आणि कानाजवळ पत्रा आपटावा तसा धडाका. त्यानं दचकायला होतं, पण दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. दारावर मांजरानं उडी मारली तरी माणूस दचकतो. भीती वाटते ती कळल्यावर. 'भ्रमयुगम'मध्ये कित्येक प्रसंगांत फक्त पाऊस आणि लाकूड करकरल्याचा आवाज आहे. 'तुंबाड'मध्ये दळणाचा, कुलपाचा, साखळीचा आवाज आहे. गेल्या वर्षी एका बहुपडदा चित्रपटगृहात एक हिंदी भयपट पाहताना माझ्या पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी पदर कानांवर धरला होता तो शेवटपर्यंत. त्यांना भुताची नव्हे, ध्वनिक्षेपकाची भीती वाटत होती. दिग्दर्शकांनो, तुमच्या आजीनं गोष्ट सांगताना आवाज वाढवला होता की कमी केला होता, एवढं आठवा.

दशावताराशिवाय हे लिहिणं आमच्या घरात कुणाला चालणार नाही. 'दशावतार' 12 सप्टेंबर 2025 ला आला. रूढ अर्थानं तो भयपट नाही, सूडाचा थरारपट म्हणा, पण रान, रात्र, राखणदार हे सगळं आमच्याच गोष्टींतलं. डोळे अधू होत चाललेला दशावतारी नट बाबुली मेस्त्री, तरी रंग लावून रात्रभर उभा राहणारा. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडलेल्या देहानं जे केलं आहे ते पाहताना मी तीनदा रडले. पूर्वार्धात दशावताराच्या रंगमंचामागची ती कंदिलाच्या उजेडातली गडबड, मुलानं बापाला 'आता पुरे' म्हणणं आणि बापानं न ऐकणं, यातलं काहीच खोटं नाही. खाणीसाठी डोंगर पोखरणारे उत्तरार्धात फारच एका रंगाचे होतात. दिग्दर्शक सुबोध खानोलकरनं त्यांनाही थोडं माणूसपण दिलं असतं तर शेवट आणखी लागला असता. तरी 2025 चा माझा मराठी चित्रपट हाच. कारण इथं माणसाचं राहिलेलं आहे आणि डोंगराचंही राहिलेलं आहे, आणि चित्रपट दोन्ही मानतो.

तो पाहायला आम्ही चिपळूणातच गेलो होतो, अप्पा, भाऊ, वहिनी आणि मी. रात्री परत येताना अप्पा गाडीत पुढे बसले होते. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम मागे वळून म्हणाले, "आपल्या त्या थांब्यावरच्या बाईवर कुणी पिक्चर काढला तर?"

"काढायला हवा," मी म्हटलं. "फार चांगला होईल."

"तिला दाखवतील?"

मी थोडा विचार केला. खोटं बोलवेना. "दाखवतील अप्पा. चेहरा दाखवतील. केस मोकळे सोडतील, डोळे पांढरे करतील."

"मग नको," अप्पा म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले.